ड्रेनच्या पिशवीतलं हिरवं पाणी: आईच्या केसची पूर्ण हकीकत

ही आमच्या घरातली केस आहे, आईची. सुरुवातीपासून सगळं लिहितेय कारण गेल्या चार वर्षांत ओळखीतल्या सहा-सात जणांनी फोन करून मला हेच विचारलं की हॉस्पिटलवर केस कशी टाकायची, आणि जवळपास प्रत्येकाची समजूत अशी होती की ऑपरेशन बिघडलं एवढं दाखवलं की भरपाई मिळते. आमच्या केसमधे नेमकं उलटं झालं. ऑपरेशन चुकीचं केलं हे आम्हाला सिद्ध करता आलं नाही, आणि आज सगळे कागद वाचून झाल्यावर मला स्वतःलाही वाटतं की ते चुकीचं केलं नव्हतं. आमचं म्हणणं मान्य झालं ते ऑपरेशननंतरच्या पाच दिवसांबद्दल.

आई तेव्हा ५८ वर्षांची. आम्ही घणसोलीला राहतो, मी महापेला एका कंपनीत अकाउंट्स बघते, दादा पुण्याला. आई घरीच ब्लाउज शिवते, वीस-बावीस वर्षं झाली, आमच्या दोन-तीन सेक्टरमधल्या बायका तिच्याकडेच येतात. तिला जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दुखायचं, खांद्यापर्यंत कळ जायची, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. घराजवळच्या एका छोट्या नर्सिंग होममधल्या सर्जननी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं, मंगळवारी ऑपरेशन, गुरुवारपर्यंत घरी. माझ्या कंपनीची ३ लाखांची मेडिक्लेम होती, कॅशलेस मंजूर झालं, १ लाख १२ हजार विम्यातून गेले आणि ९ हजार आम्ही भरले. नर्सिंग होमचं नाव इथे लिहीत नाही, अपील चालू आहे आणि नावाचा इथे उपयोगही नाही.

मंगळवारी ऑपरेशनला तासाभराच्या जागी अडीच तास लागले. सर्जन बाहेर येऊन म्हणाले की आत सगळं चिकटलेलं होतं, वेळ लागला पण झालं व्यवस्थित, काळजी म्हणून एक ड्रेन ठेवलाय. ड्रेन म्हणजे पोटातून बाहेर काढलेली नळी आणि तिच्या टोकाला पिशवी. बुधवारी सकाळी मी त्या पिशवीचा फोटो काढून दादाला पाठवला, काही संशय आला म्हणून नाही, तो रोज विचारायचा म्हणून. फोटोत पाणी हिरवट-पिवळं दिसतं, शेवाळं आलेल्या टाकीसारखं. मी सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या डॉक्टर राउंडला येतील तेव्हा विचारा. राउंडला मी ऑफिसात होते.

पित्ताशय काढताना त्याची जी छोटी नळी पित्ताच्या मुख्य नळीला जोडलेली असते ती क्लिपा मारून बंद करतात आणि मग कापतात. क्लिप सरकली किंवा तोंड नीट बंद झालं नाही तर यकृतात तयार होणारं पित्त आतड्यात जायच्या ऐवजी पोटातच गळत राहतं. हे चांगल्या सर्जनच्या हातूनही होतं, खूप कमी वेळा पण होतं. म्हणूनच ऑपरेशन अवघड गेलं तर ड्रेन ठेवतात, म्हणजे आत काही गळलं तर ते बाहेर दिसावं. ड्रेन ही एक खिडकी आहे. आमच्या बाबतीत त्या खिडकीतून दोन दिवस पित्त दिसत होतं आणि शुक्रवारी सकाळी ती खिडकीच काढून टाकली, दुपारी आईला डिस्चार्ज.

शुक्रवारी रात्री तिचं पोट फुगलं, दुखायला लागलं. फोन केला तर ड्युटीवरच्या डॉक्टरनी गॅस आहे म्हणून गोळी सांगितली. शनिवारी रिक्षा करून परत घेऊन गेलो, एक इंजेक्शन दिलं, पुन्हा गॅस, सोनोग्राफी नाही, रक्त तपासणी नाही, दहा मिनिटांत घरी. रविवारी १०२ ताप आणि डोळे पिवळसर. मला पिवळेपणा कळलाच नव्हता, शेजारच्या काकू ब्लाउज न्यायला आल्या होत्या त्यांना कळला. सोमवारी पहाटे मी कोणालाही न विचारता तिला एका मोठ्या हॉस्पिटलला नेलं. तिथे सीटी स्कॅनमधे पोटात लिटरभराहून जास्त पित्त साठलेलं निघालं, इन्फेक्शन रक्तात गेलं होतं, सोनोग्राफीखाली सुई घालून ते काढलं, मग ईआरसीपी म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीत स्टेंट, म्हणजे एक बारीक नळी, टाकला. चार दिवस आयसीयू, एकूण तेरा दिवस. आठ आठवड्यांनी स्टेंट काढला. बिल ४ लाख ८६ हजार, मेडिक्लेममधे १ लाख ८८ हजारच उरले होते, बाकी २ लाख ९८ हजार आम्ही भरले, त्यासाठी आईच्या पाटल्या गोल्ड लोनला ठेवल्या. नंतरचा स्टेंट काढायचा खर्च, तपासण्या, औषधं धरून खिशातून गेलेले ३ लाख ४० हजार.

आई वाचली, हे पहिलं. आणि आई वाचली म्हणूनच अनेकांनी सांगितलं की आता सोडून द्या.

मामाला मात्र सोडायचं नव्हतं, त्याला चार माणसं घेऊन नर्सिंग होमला जायचं होतं. मी त्याला दारात अडवलं, अक्षरशः. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, डॉक्टरवर किंवा हॉस्पिटलवर हात टाकला, तोडफोड केली तर अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. म्हणजे चूक त्यांची आणि आरोपी आपण. शिवाय एकदा काच फुटली की पुढे कोणी आईच्या ड्रेनबद्दल बोललंच नसतं, सगळे काचेबद्दल बोलले असते.

दुसरा सल्ला पोलिसांचा. तो मार्ग आम्ही विचार करून सोडला. सुप्रीम कोर्टाचा २००५ चा जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य हा निकाल आहे, त्यात म्हटलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायला साधी हयगय पुरत नाही, ती घोर असावी लागते, आणि तपास अधिकाऱ्याने आधी दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं. मला हा निकाल पटतो. प्रत्येक वाईट निकालावर डॉक्टरला अटक व्हायला लागली तर अवघड पेशंट कोणी हातात घेणार नाही. आम्हाला कोणाला जेलमधे बघायचं नव्हतं, झालेला खर्च परत हवा होता आणि कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं की हे असं व्हायला नको होतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही तक्रार करता येते, ती डॉक्टरला समज देऊ शकते, नोंदणी काही काळ निलंबित करू शकते, पण पेशंटला पैसे देववू शकत नाही. राहिला ग्राहक आयोग.

आणि इथे आईच आडवी आली. ती म्हणाली डॉक्टरांनी काय मुद्दाम केलं का, त्यांच्या हातून आपल्या कितीतरी लोकांना गुण आलाय, उद्या त्यांचं घर बुडालं तर पाप कोणाला. दोन महिने हा विषय घरात निघाला की ती मशीन चालू करायची म्हणजे बोलणं ऐकू येऊ नये. तिला पटलं ते वकील मॅडमनी एक गोष्ट सांगितल्यावर, की बहुतेक डॉक्टर अशा दाव्यांसाठीच विमा काढून ठेवतात, भरपाई द्यायची वेळ आली तर पॉलिसीच्या रकमेपर्यंत ती विमा कंपनी देते. आमच्या केसमधे तसंच होतं, ती विमा कंपनी नंतर सामनेवाला, म्हणजे विरुद्ध पक्ष, नंबर तीन झाली. आई म्हणाली मग माझ्या पाटल्या कोणाच्या विम्यातून सुटणार, आणि सही केली.

आता कागद. माझ्या मते संपूर्ण केस इथेच ठरली, त्यामुळे हे जरा सविस्तर.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे की भरती झालेल्या पेशंटचे रेकॉर्ड तीन वर्षं जपायचे आणि पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. पण लोक मागतात ते तोंडी, आणि तोंडी मागितलं की मिळते डिस्चार्ज समरी, दोन पानं, टाइप केलेली. मीही पहिल्यांदा तेच केलं. समरीत लिहिलं होतं की ऑपरेशननंतरचा काळ सुरळीत, ड्रेनमधे थोडं साधं पाणी, ड्रेन काढला, पेशंट स्थिर. ते वाचून मला वाटलं संपलं, त्यांनी लिहिलंय म्हणजे तेच खरं धरणार. मग वकील मॅडमनी अर्ज लिहून दिला, त्यात एकेक कागदाचं नाव होतं, ऑपरेशन नोट्स, ॲनेस्थेशिया नोट्स, डॉक्टरांचे राउंडचे शेरे, संमतीपत्र, औषधांचा चार्ट, आणि सिस्टर लोकांचा चार्ट ज्यात ताप, नाडी, लघवी, ड्रेन हे सगळं दर काही तासांनी लिहितात. अर्जाची एक प्रत काउंटरवर दिली, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेतली. काउंटरवरची मुलगी शिक्का द्यायला तयार नव्हती, मी तिथेच बसून राहिले. कागद चौथ्या दिवशी मिळाले, झेरॉक्सचे पैसे घेऊन, ९४ पानं.

त्या ९४ पानांत सिस्टरनी निळ्या पेनाने लिहिलेलं एक पान होतं. बुधवार, ड्रेन १२० मिली, पित्तासारखं. गुरुवार १६० मिली, पित्तासारखं. शुक्रवार सकाळी ६ वाजता नाडी ११२. शुक्रवारी १० वाजता ड्रेन काढला, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. म्हणजे समरीत साधं पाणी आणि चार्टमधे पित्त, एकाच हॉस्पिटलचे दोन कागद एकमेकांना खोटं पाडत होते. ती सिस्टर कोण होती मला माहीत नाही, बहुधा वीस-बावीस वर्षांची कोणी मुलगी असेल, पण तिने जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं, आणि आमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा तिच्या हाताने तयार झाला. माझा तो बुधवारचा फोटोही जोडला, मोबाईलमधल्या पुराव्यासाठी जे सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ६५ ब म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३, ते लावून. म्हणून सांगते, फोटो काढत जा आणि डिलीट करू नका. आणि रेकॉर्ड वाद सुरू व्हायच्या आधी मागा, नोटीस पाठवल्यावर नाही.

डॉक्टरचं मत मिळवणं सगळ्यात कठीण गेलं. मोठ्या हॉस्पिटलमधले सर्जन मला केबिनमधे म्हणाले होते की हा ड्रेन काढायलाच नको होता, पण लिहून द्यायची वेळ आली तेव्हा नम्रपणे नाही म्हणाले, त्यांना याच भागात काम करायचंय, मी समजू शकते. तरी त्यांच्या भरतीच्या कागदावर पहिल्याच पानावर इतिहास लिहिलेला होता, कुठे ऑपरेशन झालं, कितव्या दिवशी ड्रेन काढला, आल्यावर पोटाची काय अवस्था होती, आणि तोही पुरावाच असतो. मत शेवटी दिलं सांगलीकडच्या एका निवृत्त सर्जननी, पूर्वी मेडिकल कॉलेजात शिकवायचे, दोन पानं आणि त्यावर प्रतिज्ञापत्र. त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की क्लिप सुटून पित्त गळणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे आणि तेवढ्यावरून सर्जनला दोषी धरता येणार नाही. मला ते वाचून राग आला, वाटलं आपण पैसे देऊन आपल्याच विरोधात लिहून घेतलं. वकील मॅडम म्हणाल्या हाच परिच्छेद आपल्याला तारेल, कारण हा माणूस खरं बोलतो हे आयोगाला त्यावरून कळेल. दुसऱ्या पानावर त्यांनी लिहिलं होतं की ड्रेनमधून दोन दिवस पित्त येत असताना आणि नाडी शंभरच्या वर असताना सोनोग्राफी आणि बिलिरुबिनची, म्हणजे कावीळ कळण्यासाठीची रक्त तपासणी न करता ड्रेन काढणं आणि घरी पाठवणं हे कुठल्याही सर्वसाधारण सर्जनच्या पद्धतीत बसत नाही, आणि शनिवारी पोट फुगलेला पेशंट परत आल्यावर तपासणी न करणं तर नाहीच.

प्रत्येक केसमधे तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मधे व्ही. किशन राव यांच्या केसमधे तसं सांगितलंय. काही चुका स्वतःच बोलतात. आपल्याकडचंच उदाहरण, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९६३ मधे औरंगाबादच्या सरकारी हॉस्पिटलमधे एका बाईंच्या नसबंदीच्या ऑपरेशनमधे पोटात टॉवेल राहिला आणि त्या वारल्या. सुप्रीम कोर्टाचा निकाल १९९६ मधे, ३३ वर्षांनी, राज्य सरकार जबाबदार, भरपाई ३६ हजार. ती रक्कम वाचून पोटात कालवतं. पण तिथे टॉवेल होता, टॉवेल पोटात कसा गेला हे सांगायला प्रोफेसर लागत नाही. आमच्याकडे टॉवेल नव्हता. आमच्याकडे फक्त न केलेल्या गोष्टी होत्या, न केलेली सोनोग्राफी, न केलेली रक्त तपासणी, आणि न केलेली गोष्ट करायला हवी होती हे कोणीतरी जाणकाराने सांगावं लागतं.

खोडवांची केस सरकारी हॉस्पिटलची आणि दिवाणी कोर्टातली होती, हेही लक्षात ठेवण्यासारखं. जिथे सगळ्यांनाच सगळं फुकट मिळतं त्या हॉस्पिटलविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, दिवाणी दावा लावावा लागतो. हे १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालात ठरलं, आणि पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात हेही त्याच निकालाने. आमच्यासमोर नर्सिंग होमने एक मुद्दा आणला होता की बिल विमा कंपनीने भरलं, म्हणजे पेशंट आमची ग्राहकच नाही. त्याचं उत्तरही शांताच्याच निकालात आहे, विमा कंपनीने किंवा नोकरी देणाऱ्याने बिल भरलं तरी ती पैसे देऊन घेतलेली सेवाच.

तक्रार दाखल करायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आम्ही चौदाव्या महिन्यात केली. नवी मुंबईतल्या लोकांसाठी बेलापूरला कोकण भवनात ठाण्याचा अतिरिक्त जिल्हा आयोग आहे, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते, हॉस्पिटल दुसऱ्या शहरात असलं तरी. ऑनलाइन भरायला तेव्हा ई-दाखिल होतं, आता ई-जागृती. कोणत्या आयोगात जायचं आणि फी किती हे तुम्ही भरपाई किती मागता यावर ठरत नाही, सेवेसाठी किती पैसे दिले यावर ठरतं, आणि दिलेले पैसे ५ लाखांच्या आत असले तर फी शून्य. आमची फी शून्य. वकील करणं बंधनकारक नाही, पण मेडिकल केसमधे मी एकटीने केलं असतं असं मला वाटत नाही.

त्यांच्या उत्तराचा गाभा एकच होता: पित्त गळणं ही ज्ञात गुंतागुंत आहे, तसं संमतीपत्रात लिहिलेलं आहे आणि पेशंटची त्यावर सही आहे. बऱ्याच केसमधे हेच उत्तर येतं आणि बरेच लोक इथेच गार पडतात. संमतीपत्र इंग्रजीत छापील होतं, आईला मराठीच वाचता येतं, ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला स्ट्रेचरवर सही घेतली होती, आणि डॉक्टरचं नाव, समजावून सांगणाऱ्याचं नाव या जागा कोऱ्या. २००८ च्या समीरा कोहली निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की संमती म्हणजे पेशंटला पुरेशी माहिती देऊन, समजून घेतलेली संमती. पण आमचं खरं उत्तर संमतीपत्राबद्दल नव्हतंच. वकील मॅडमनी लेखी युक्तिवादात एवढंच लिहिलं की धोका माहीत होता म्हणता, तो माहीत होता म्हणूनच ड्रेन ठेवला, मग ड्रेनमधे तोच धोका दिसायला लागला तेव्हा बघितलं का नाही? सही केली ती धोक्यासाठी, दुर्लक्षासाठी नाही.

त्याला आधार म्हणून त्यांनी एक जुना निकाल लावला, लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले. १९५३ मधे रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतला एका तरुण मुलाचं अपघातात मांडीचं हाड मोडलं, पुण्याला आणलं, तिथे पूर्ण भूल न देता हाड बसवताना जोर लावला आणि तो त्याच रात्री गेला. सुप्रीम कोर्टाने त्या निकालात डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली, पेशंट हातात घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी मेडिकल केसमधे हा निकाल दाखवला जातो. आमच्याकडे ऑपरेशनचा निर्णय बरोबर होता, ऑपरेशन बरोबर होतं असं धरू, पण ऑपरेशन झालं म्हणून उपचार संपत नाही.

मध्यस्थीची सोय कायद्यातच आहे, आयोगाने आम्हाला विचारलं, दोन्ही बाजू बसल्या. त्यांनी दीड लाख देऊ केले आणि त्याबरोबर एका कागदावर सही, की काहीही हयगय झाली नव्हती. आई म्हणाली पैसे कमी असते तरी एक वेळ चाललं असतं, पण हे मी कसं लिहून देऊ. तिथेच संपलं. खर्चाइतके पैसे आणि तो कागद नसता तर आम्ही तडजोड केली असती, आणि ज्यांना तशी मिळतेय त्यांनी ती जरूर विचारात घ्यावी. कायद्यात तक्रार तीन महिन्यांत, तपासणी लागणार असेल तर पाचात निकाली काढायची असं आहे, आमची २ वर्षं ७ महिने चालली, दोन्हीकडची प्रतिज्ञापत्रं, लेखी प्रश्न आणि त्यांची उत्तरं यातच खूप तारखा गेल्या.

आईच्या कमाईचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. आजारपणानंतर आठ महिने ती मशीनवर बसू शकली नाही. त्यांच्या वकिलांनी विचारलं, इन्कम टॅक्स रिटर्न आहे का, दुकानाचा परवाना आहे का, बँकेत पगार जमा होतो का. काहीच नाही. मग या बाईंची कमाई शून्य धरावी. आई त्या दिवशी आली होती, ती घरी येईपर्यंत गप्प होती. घरी आल्यावर तिने कपाटातून मापाच्या वह्या काढल्या. प्रत्येक पानावर नाव, तारीख, छाती-कंबर-बाहीचं माप, गळा मागून किती खोल, अस्तर आहे की नाही, शिलाई किती, ॲडव्हान्स किती, बाकी किती. मागच्या सहा वर्षांच्या वह्या होत्या. मी अकाउंट्समधे आहे, पण इतकं चोख खातं मी ऑफिसात फार कमी पाहिलंय. मी त्यावरून महिन्याचा हिशोब काढला, अस्तर-दोरा-हुकचा खर्च वजा करून सरासरी ९ हजाराच्या वर येत होतं, आणि दोन गिऱ्हाईक बायकांनी प्रतिज्ञापत्रं दिली. त्यातल्या एक त्याच काकू ज्यांना डोळ्यांचा पिवळेपणा दिसला होता. घरात काम करणाऱ्या बाईच्या श्रमाला पैशात किंमत आहे हे सुप्रीम कोर्टाने अपघाताच्या केसेसमधे पुन्हा पुन्हा सांगितलंय, २०२१ च्या कीर्ती निकालातही, तेही दाखवलं. आयोगाने महिना ९ हजार मान्य केले.

निकाल अंशतः मंजूर. ऑपरेशन करताना हयगय झाली हे सिद्ध होत नाही. ऑपरेशननंतरच्या देखरेखीत आणि शनिवारी तपासणी न करण्यात सेवेत त्रुटी आणि हयगय सिद्ध होते. उपचाराचा खर्च ३ लाख ४० हजार, आठ महिन्यांची कमाई ७२ हजार, शारीरिक-मानसिक त्रासाचे २ लाख, तक्रारीच्या खर्चाचे २५ हजार, आणि तक्रार दाखल केल्यापासून ६ टक्के व्याज. आम्ही मागितले होते १८ लाख. तो आकडा लिहिताना आमच्याकडे धड हिशोब नव्हता, आणि आयोगाने तसं स्पष्ट लिहिलं की उरलेल्या मागणीला आधार नाही. ते बरोबर आहे. लोक मला पत्नीच्या उपचारातल्या हयगयीसाठी लढलेल्या कुणाल साहांच्या केसचं उदाहरण देतात, ६ कोटींच्या वर मिळाले म्हणून, पण त्यांची पत्नी १९९८ मधे गेली आणि सुप्रीम कोर्टाचा शेवटचा निकाल २०१३ मधे आला, पंधरा वर्षांनी, आणि त्या रकमेमागे त्यांच्या पत्नीच्या अमेरिकेतल्या शिक्षणाचा आणि पुढच्या कमाईचा हिशोब होता. आकडा हवेतून येत नाही, तो बिलांतून आणि वह्यांतून येतो.

मामा म्हणतो एवढ्यासाठी चार वर्षं. मी त्याच्याशी वाद घालत नाही. निकालपत्राच्या अकराव्या पानावर लिहिलंय की ड्रेनमधून पित्त येत असल्याची नोंद सामनेवाल्यांच्याच कागदांत असताना त्याकडे दुर्लक्ष झालं, आणि ते पान मी आईला दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा तिनेच सांगितलं म्हणून.

नर्सिंग होमने राज्य आयोगात अपील केलंय, ४५ दिवसांच्या मुदतीत, आणि अपीलासाठी निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते ती त्यांनी केलीये. पाटल्या अजून गोल्ड लोनमधेच आहेत, मी दर वर्षी व्याज भरून मुदत वाढवून घेते. पुढच्या तारखेला मी आणि आई दोघी जाणार आहोत, वह्या घेऊन.